डिजिटल टायर पंप आणि नागपूरचा उन्हाळा : एक परीक्षण

मोटारीतील बारा व्होल्टच्या सॉकेटला जोडून चालणारा, दाबाचा आकडा पडद्यावर दाखवणारा आणि ठरवून दिलेल्या आकड्याला आपोआप थांबणारा टायर पंप आता नागपुरात मोटार-साहित्याच्या बहुतेक दुकानांत मिळतो. कॉटन मार्केट परिसरातील एका दुकानातून घेतलेला असा पंप मी हिवाळ्याच्या थंडीपासून नवतप्याच्या उन्हापर्यंत वापरला. वस्तू घेण्यासारखी आहे, हे माझे मत आरंभीच सांगून टाकतो. मात्र तिच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी वायूचे तापमान, आकारमान आणि दाब यांच्यातील संबंध ठाऊक असावा लागतो, आणि सोबतच्या माहितीपत्रकात त्याविषयी एक ओळही नाही. त्यामुळे हे परीक्षण जितके पंपाचे आहे तितकेच त्या संबंधाचेही झाले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच बांधणीचे पंप निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि पुढील बहुतेक निरीक्षणे त्या सर्वांना लागू पडतात.

पंपाची किंमत बावीसशे रुपये पडली. खोक्यावर १२० वॅट अशी नोंद आहे, म्हणजे बारा व्होल्टला सुमारे दहा अँपिअरचा प्रवाह लागतो. त्यामुळे इंजिन सुरू ठेवूनच तो चालवावा, हा विक्रेत्याचा सल्ला योग्य आहे. वायर मागच्या चाकांपर्यंत आरामात पोहोचते. हवेची नळी मात्र आखूड आहे आणि तिचे टोक व्हॉल्व्हवर आट्यांनी फिरवून बसवावे लागते, दाबून अडकवण्याची सोय नाही. आवाज बराच आहे. पहाटे सोसायटीच्या वाहनतळात लावला तर शेजारी नक्की चौकशी करतील. दाबासाठी पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), बार, किलोपास्कल आणि किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर अशी चार एकके निवडता येतात. आपल्याकडील पंक्चरवाले ज्याला नुसते ‘पॉईंट’ म्हणतात तो पीएसआयच होय, म्हणून इथेही तेच एकक वापरतो. पडद्यावरील आकडा अर्ध्या पीएसआयच्या टप्प्याने बदलतो. ही मर्यादा लक्षात ठेवावी, कारण पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

प्रथम पंपाच्या वेगाविषयी. खोक्यावर ‘मिनिटाला ३५ लिटर हवा’ असा ठळक दावा छापलेला आहे आणि विक्रेतेही तोच आकडा पुढे करतात. हा दावा घरच्या घरी तपासता येतो, आणि त्यासाठी रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली प्रसिद्ध केलेला नियम पुरेसा आहे. बॉइल यांनी एका टोकाला बंद असलेल्या वाकड्या काचनळीत पारा ओतत जाऊन आत कोंडलेल्या हवेचे आकारमान मोजले आणि तापमान तेच असताना दाब व आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, हे दाखवले. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते. लहान मोटारीच्या टायरच्या पोटात साधारण २७ लिटर जागा असते. त्यातील दाब २५ वरून ३३ पीएसआयवर न्यायचा, म्हणजे ८ पीएसआयची भर घालायची. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि इथल्या वातावरणाचा दाब साधारण १४ पीएसआय धरता येतो. म्हणून बाहेरची मोकळी हवा किती आत ढकलावी लागेल, याचा हिशेब २७ गुणिले ८ भागिले १४, म्हणजे १५ लिटरांहून थोडा अधिक असा येतो. दावा खरा असता तर हे काम अर्ध्या मिनिटाच्या आत उरकले असते. प्रत्यक्षात मोबाइलच्या घड्याळावर एक मिनिट आणि वर काही सेकंद लागतात. म्हणजे पंपाची खरी क्षमता छापील आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

याला सरळ फसवणूक म्हणता येणार नाही. छापील आकडा बहुधा नळीचे तोंड मोकळे ठेवून, म्हणजे समोरून कोणताही विरोध नसताना काढलेला असतो. टायरमधील दाब जसा वाढतो तशी दट्ट्याला प्रत्येक फेरीत हवा अधिक दाबावी लागते, दट्ट्याच्या वरच्या टोकाशी उरलेली थोडीशी हवा परत फुगते आणि नव्या हवेसाठी जागा कमी राहते. तरीही ग्राहकाला उपयोगी आकडा ३० पीएसआयच्या आसपासचा असतो, आणि तो खोक्यावर छापायला हवा होता. मिनिटभराचा वेळ मला स्वतःला अजिबात जाचक वाटत नाही, पण चारही चाके पूर्ण बसलेली असतील तर हा पंप त्या कामाचा नव्हे.

उन्हाळ्यात पंप हळू चालतो, असे अनेकांचे म्हणणे असते आणि त्यासाठी ‘गरम हवा विरळ असते’ हे कारण दिले जाते. ४४ अंश सेल्सिअसला तेवढ्याच आकारमानात १२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांश हवा कमी मावते, हे खरे आहे. मात्र टायरमधील हवाही तितकीच तापलेली असल्यामुळे तेवढाच दाब वाढवायला हवाही तितकीच कमी लागते. हिशेबात दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून टाकतात. माझ्या पंपाला मे महिन्यात थोडा अधिक वेळ लागला, पण त्याचे कारण तापलेल्या मोटरमध्ये शोधावे.

तापण्याचा विषय निघालाच आहे तर नळीच्या पितळी तोंडाविषयी इशारा देणे आवश्यक आहे. दोन चाके भरून झाल्यावर ते तोंड उघड्या बोटांनी धरवत नाही. ही उष्णता घर्षणाची असते असा सर्वसाधारण समज आहे. घर्षणाचा वाटा असतोच, परंतु मोठा वाटा हवा दाबण्याचा असतो. बॉइलचा नियम तापमान स्थिर असेल तर लागू पडतो, आणि झपाट्याने चालणाऱ्या दट्ट्यात ती अट पाळली जात नाही. दट्टा हवेवर जे कार्य करतो ते बाहेर पडायला वेळ न मिळाल्यामुळे हवेच्या ऊर्जेत जमा होते. ४० अंश सेल्सिअसची हवा १४ वरून ४७ पीएसआय निरपेक्ष दाबापर्यंत (म्हणजे पडद्यावरच्या ३३ मध्ये वातावरणाचे १४ मिळवून), उष्णता अजिबात बाहेर न जाऊ देता दाबली, तर तिचे तापमान १७० अंशांच्या घरात जाते. सायकलच्या हातपंपाचे बूड गरम होते तेही याच कारणाने. प्रत्यक्ष पंपात बरीच उष्णता धातूच्या भिंती शोषून घेतात, म्हणून तापमान तेवढे चढत नाही. पण ‘सलग दहा मिनिटांहून अधिक वेळ चालवू नये’ ही माहितीपत्रकातील सूचना कशासाठी आहे, हे यावरून समजते. कारण देऊन ही सूचना लिहिली असती तर ती अधिक लोकांनी पाळली असती. नागपूरच्या मे महिन्यात मी ती मर्यादा निम्म्यावर आणावी असे सुचवेन, आणि पंप डांबरावर किंवा फरशीवर न ठेवता गाडीच्या सावलीत ठेवावा.

आपोआप थांबण्याची सोय ही या पंपाची मुख्य जाहिरात आहे, आणि ती समाधानकारक असली तरी निर्दोष नाही. ३३ हा आकडा लावून ठेवला तर पंप ३३ वरच थांबतो, पण थांबताक्षणी पडदा ३२.५ किंवा ३२ दाखवतो. हवा वाहत असताना नळीतील दाब टायरमधील दाबापेक्षा थोडा जास्त असतो आणि दाबमापक नळीच्या पंपाकडील टोकाला बसवलेला असतो, म्हणून हा फरक पडतो. शिवाय नुकतीच आत गेलेली हवा गरम असते. दहा मिनिटांनी ती टायरच्या तापमानाला आली की आणखी अर्धा पीएसआय उतरतो. यावर उपाय सोपा आहे : थोडा वेळ थांबून पुन्हा मोजावे आणि कमी असेल तेवढी भर घालावी. एका परिचित पंक्चर दुकानातील तबकडीच्या गेजशी तुलना करून पाहिली, तेव्हा दोन्ही आकडे एका पीएसआयच्या आत जुळले. घरगुती वापराला एवढी अचूकता पुरेशी आहे.

आता ज्या प्रश्नासाठी हे परीक्षण लिहायला घेतले त्याकडे वळतो. मोटारीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते आणि तीवर टायरमध्ये किती दाब असावा ते लिहिलेले असते. माझ्या गाडीसाठी हा आकडा ३३ आहे. टायरच्या कडेवर कोरलेला कमाल दाबाचा आकडा वेगळा असतो आणि त्याच्याशी याची गल्लत करू नये. पट्टीवरील आकडा थंड टायरसाठी दिलेला असतो, म्हणजे गाडी काही तास सावलीत उभी असताना. नागपुरात ‘थंड’ या शब्दाची मर्यादा केवढी ताणली जाते, हे सांगायची गरज नाही. मे महिन्यात पहाटे २८ अंश आणि दुपारी ४४ अंश ही इथली रोजची स्थिती आहे. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, तर डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो ३.५ अंशांवर उतरला होता. ज्या शहरात एकच टायर एवढी तफावत सोसतो तिथे ‘३३ भरा’ हे वाक्य ‘कोणत्या तापमानाला’ हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

टायरचे आकारमान जवळपास बदलत नाही, कारण त्याच्या अंगात पोलादी तारांचे पट्टे असतात. फुगा तापला की मोठा होतो, टायर तसा होत नाही. आकारमान कोंडलेले असल्यामुळे तापमानाचा सगळा परिणाम दाबावर उमटतो. फ्रान्समधील गियोम आमोंतों यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांच्या सांध्यावर हवेचा दाब तिच्या उष्णतेबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो हे पाहिले होते, आणि दाब पूर्ण नाहीसा होईल अशी थंडीची एक सीमा असली पाहिजे, असा तर्कही त्यांनी केला होता. पुढे चार्ल्स आणि गे-ल्युसॅक यांच्या कामातून तापमान व आकारमानाचा संबंध पक्का झाला, आणि १८४८ मध्ये केल्विन यांनी त्या सीमेपासून मोजायची तापमानश्रेणी मांडली. ती सीमा, म्हणजे निरपेक्ष शून्य, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस होय. म्हणून वायूचा हिशेब करताना सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवावे लागतात. पहाटेच्या २२ अंशांवरून दुपारी ४४ अंश झाले म्हणून दाब दुप्पट होत नाही. २९५ केल्विनचे ३१७ केल्विन होतात, म्हणजे साडेसात टक्क्यांची वाढ होते.

दुसरी मिळवणी दाबाच्या बाजूला करावी लागते, आणि तिथे बहुतेक जण चुकतात. हा पंप सुरू होताना भोवतालच्या वातावरणाला शून्य समजतो. त्याच्या पडद्यावरचे ३३ म्हणजे वातावरणाच्या वरचे ३३. टायरमधील हवेचा खरा, निरपेक्ष दाब त्यात १४ मिळवून ४७ पीएसआय असतो. वायूला पडद्यावरचा आकडा ठाऊक नसतो, त्याचे प्रमाण या ४७ शी बांधलेले असते.

हे पंपाच्या साहाय्याने तपासून पाहावे म्हणून स्टेपनी उपयोगी पडली. तिच्यावर गाडीचे वजन नसते, ती रस्त्यावर धावून तापत नाही, आणि तिला हव्या त्या जागी ठेवता येते. रात्रभर खोलीत राहिलेल्या स्टेपनीत सकाळी २७ अंशांना ३३ पीएसआय भरले. मग तीच स्टेपनी दुपारभर गच्चीवरच्या जिन्याच्या सावलीत ठेवून, शेजारचा थर्मामीटर ४४ अंशांवर स्थिरावल्यानंतर पुन्हा दाब मोजला. नुसत्या ३३ ला तापमानाच्या प्रमाणात वाढवले तर ३४.९ यायला हवे होते. ४७ ला वाढवून त्यातून पुन्हा १४ वजा केले तर ३५.७. पडद्यावर ३५.५ आले. अर्ध्या पीएसआयच्या टप्प्याने चालणाऱ्या स्वस्त यंत्राने निरपेक्ष दाबाच्या बाजूने कौल द्यावा, याचे मला समाधान वाटले.

याच दोन नोंदींवरून निरपेक्ष शून्याचा अंदाज काढायचा मोह आवरला नाही. सतरा अंशांत अडीच पीएसआय वाढले, तर ४७ पीएसआय नाहीसे व्हायला २७ अंशांपासून किती खाली जावे लागेल? उत्तर सुमारे उणे २९३ येते. पडद्याने ३५.५ ऐवजी ३६ दाखवले असते तर तेच उत्तर उणे २३९ आले असते. खरी किंमत या दोहोंच्या मध्ये बसते, आणि एवढ्यावरच थांबणे प्रामाणिक ठरेल. अकरावीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र हा प्रयोग आवर्जून सुचवतो. यंत्राच्या एका टप्प्याने उत्तर चोपन्न अंशांनी कसे हलते हे एकदा पाहिले की मोजमापातील अनिश्चितता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. यंत्राचा आकडा म्हणजे प्रमाण नव्हे, हे आपल्या शहराने मे २०२४ च्या शेवटी मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे : एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले.

समृद्धी महामार्गामुळे हा सगळा हिशेब नागपूरकरांच्या दृष्टीने सुरक्षिततेचा झाला आहे. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. लांबच लांब सरळ पट्टे, सिमेंट काँक्रीटचा पृष्ठभाग, मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आणि वर विदर्भाचे ऊन, अशी परिस्थिती एकत्र येते तेव्हा टायर प्रत्येक फेरीत दबतो, सुटतो आणि आतून तापत जातो. पहाटे २८ अंशांना ३३ पीएसआय भरून निघाल्यानंतर वाटेतल्या थांब्यावर लगेच मोजले, तर पंपाने ३८.५ दाखवले. आता वरचाच हिशेब उलटा करावा. निरपेक्ष दाब ४७ वरून ५२.५ झाला, तापमान त्याच प्रमाणात वाढले असणार, म्हणजे ३०१ केल्विनवरून सुमारे ३३६ केल्विन. आतील हवा ६३ अंश सेल्सिअसला पोहोचली आहे, हे टायर न उघडता आणि आत थर्मामीटर न घालता कळले. स्थिर आकारमानाचा वायू-तापमापक याच तत्त्वावर चालतो. बावीसशे रुपयांत पंपाबरोबर तोही मिळाला, असे समजायला हरकत नाही.

या क्षणी हवा सोडायची नाही, हे इथे ठासून सांगायला हवे. आकडा ३८.५ पाहून ‘साडेपाच पॉईंट जास्त आहेत, काढून टाका’ असा सल्ला रस्त्याकडेच्या हवेच्या ठिकाणी सर्रास दिला जातो आणि अनेक वाहनचालक तो मानतात. हिशेब पाहा : ६३ अंशांना ३३ पर्यंत उतरवलेला टायर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा २८ अंशांवर आला की त्यात जेमतेम २८ पीएसआय उरतात. पाच पीएसआय कमी असलेला टायर रस्त्यावर अधिक पसरतो, त्याची कड अधिक वाकते, त्यामुळे तो अधिक तापतो. उन्हाच्या भीतीने हवा कमी ठेवणारे लोक ज्या गोष्टीला भितात तिलाच बळ देतात. धावताना वाढणारे पाच-सहा पीएसआय टायर आणि गाडी बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेले असतात, म्हणूनच पट्टीवर थंड दाब लिहिलेला असतो.

उलट दिशेची चूकही नागपुरात होते, फक्त ती उशिरा लक्षात येते. मेच्या दुपारी ४४ अंशांना पंक्चरच्या दुकानात ३३ भरून घेतले आणि पुढे पाहिलेच नाही, तर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना केवळ तापमानामुळे तो दाब २८ च्या थोडा वर उरतो. रबरातून महिन्याला साधारण एखादा पीएसआय झिरपतो, तो वेगळा. सोय म्हणून एक अंदाज लक्षात ठेवता येईल : या दाबाच्या टायरमध्ये दर दहा अंशांमागे दीड पीएसआयचा फरक पडतो. दुपारी हवा भरण्यावाचून गत्यंतर नसेल आणि गाडी सावलीत उभी असेल, तर पहाटेच्या अपेक्षित तापमानापर्यंतचा फरक या हिशेबाने वर धरावा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा हिशेब लागू नाही, कारण टायरमधील हवेचे तापमान किती आहे ते आपल्याला माहीत नसते.

पंप घेतल्यानंतर नायट्रोजनचे काय, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. नायट्रोजन भरला की उन्हात दाब वाढत नाही, असे पैसे घेऊन तो भरणाऱ्या काही ठिकाणी सांगितले जाते. हे चूक आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि या दाबांना दाब-तापमानाचे प्रमाण कोणत्या वायूचे रेणू आहेत यावर अवलंबून नसते, किती रेणू आहेत यावर असते. मात्र नायट्रोजनचा एक खरा गुण विक्रेते सांगत नाहीत : तो कोरडा असतो. पावसाळ्यात दमट हवा दाबून भरणाऱ्या टाकीतून पाण्याचे थेंब टायरमध्ये गेले असतील, तर टायर तापल्यावर त्यांची वाफ होते आणि वाफेचा दाब वायूच्या सरळ प्रमाणाने न वाढता फार झपाट्याने वाढतो. ३० अंशांना संपृक्त वाफेचा, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त मावेल तेवढ्या वाफेचा, दाब अर्ध्या पीएसआयहून किंचित जास्त असतो, तर ६५ अंशांना तो साडेतीन पीएसआयपेक्षा अधिक होतो. ओल्या टायरचा दाब हिशेबापेक्षा तीन पीएसआयने जास्त भरला, तर त्याचे कारण हे असू शकते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात स्वतःच्या पंपाने भरलेल्या हवेला ही अडचण फारशी येत नाही. पावसाळ्यात हवा भरायचीच असेल तर पाऊस पडत नसताना भरावी.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांसाठी एक गंमत. तिथली उंची सुमारे ११०० मीटर, म्हणजे नागपूरपेक्षा आठशे मीटरने अधिक. वर गेल्यावर वातावरणाचा दाब साधारण सव्वा पीएसआयने कमी होतो आणि पंप त्या नव्या वातावरणाला शून्य धरत असल्यामुळे पडद्यावरचा आकडा तेवढाच वाढायला हवा. पण तिथे हवा पाच-सहा अंशांनी गारही असते, आणि गारव्यामुळे जवळपास एक पीएसआय उतरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा आकडा म्हणूनच फारसा बदललेला दिसत नाही, जणू काही घडलेच नाही.

दुचाकीसाठी हाच पंप घ्यावा का, यावर माझे मत थोडे राखून आहे. स्कूटरच्या टायरमध्ये पाच-सहा लिटरच जागा असते. मघाच्या हिशेबाने, मिनिटाला पंधरा लिटर मोकळी हवा आत जात असेल तर दर दीड-दोन सेकंदांना एक पीएसआय वाढतो, आणि आपोआप थांबण्यातील चूक इथे अधिक जाणवते. नळीचे तोंड फिरवून काढताना फुस्स करून जी हवा निसटते तिचा मोटारीच्या टायरवर नगण्य परिणाम होतो, स्कूटरच्या टायरवर मात्र तेवढ्यानेच अर्धा-एक पीएसआय जातो. म्हणून स्कूटरला लक्ष्य एका पीएसआयने वर लावून, शेवटी वेगळ्या साध्या गेजने पडताळून घ्यावे. शिवाय बहुतेक स्कूटरना या पंपाचा प्लग बसेल असे सॉकेट नसते. ज्यांच्याकडे फक्त दुचाकी आहे त्यांनी बॅटरीवर चालणारा प्रकार पाहावा.

पंपात तापमान दाखवणारा साधा संवेदक बसवला असता तर किमतीत फारसा फरक पडला नसता आणि उपयोग दुप्पट झाला असता. तो नसल्यामुळे मी डिक्कीत शंभर-दीडशे रुपयांचा खोलीचा थर्मामीटर ठेवतो आणि दाबाबरोबर तापमानही वहीत टिपतो. माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही, आणि दोन्ही भाषांत ‘टायर थंड असताना मोजा’ हे वाक्य सापडत नाही. खोक्यात एक जादा फ्यूज दिलेला आहे. तो प्लगच्या टोकाची टोपी फिरवून बदलता येतो. फुटबॉल आणि सायकलसाठी दिलेल्या प्लास्टिकच्या तोट्या तकलादू आहेत, त्यांपैकी एक पहिल्याच वापरात तडकली. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरी दिली, मात्र मूळ पावती पाहिल्यानंतरच. तेव्हा पावती खोक्यातच ठेवावी.